जनुकांवरील कुलुपे आणि आपल्या औषधांवरील दावे

गेल्या काही वर्षांत आयुर्वेदीय औषधांच्या माहितीपत्रकांतून व परिसंवादांतील भाषणांतून 'एपिजेनेटिक्स' हा शब्द वारंवार कानी पडू लागला आहे. आहार-विहाराचा परिणाम जनुकांच्या कार्यावर होतो, असे आधुनिक विज्ञान सांगू लागल्यापासून 'हे तर आमच्या संहिताकारांनी केव्हाच सांगून ठेवले आहे' असे समाधान आपल्यापैकी अनेकांना वाटते. हे समाधान सर्वस्वी निराधार नाही. तथापि त्यातून 'आमचे अमुक औषध जनुके दुरुस्त करते' असा दावा जेव्हा उभा राहतो, आणि तोही पौरुषग्रंथीच्या कर्करोगासारख्या व्याधीच्या संदर्भात, तेव्हा त्याची परीक्षा इतरांनी करण्यापूर्वी आपणच केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम मूळ विषय पाहू. 'एपिजेनेटिक्स' ही संज्ञा वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये रूढ केली. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत डीएनए तोच असतो; तरीही यकृताची पेशी यकृताचे व त्वचेची पेशी त्वचेचे काम करते, कारण प्रत्येक पेशीत काही जनुके उघडी व काही बंद असतात. ही उघडझाप करणाऱ्या यंत्रणांपैकी एक म्हणजे मेथिलीकरण. डीएनएच्या सायटोसिन या घटकावर एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मेथिल गट जोडला जातो. जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागात असे गट दाट झाले की ते जनुक सामान्यतः मूक होते. जनुकाची अक्षरे जशीच्या तशी राहतात. केवळ ग्रंथाला कुलूप लागते.

पौरुषग्रंथीच्या कर्करोगात या कुलुपाचे महत्त्व १९९४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले. जीएसटीपी-१ हे जनुक पेशीतील विषारी व ऑक्सिडीकारक द्रव्यांना निष्प्रभ करणारे विकर तयार करते. या कर्करोगाच्या दहांपैकी नऊ वा अधिक रुग्णांच्या अर्बुदपेशींत हे जनुक मेथिलीकरणाने बंद पडलेले आढळते. म्हणजे पेशीचा पहारेकरी मारला गेलेला नाही, त्याला कोंडून ठेवले आहे. कर्करोगपूर्व अवस्थेतील पेशींतही हा बदल पुष्कळदा दिसतो, आणि अर्बुदाच्या आसपासच्या, सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी भासणाऱ्या ऊतींतही त्याच्या खुणा सापडतात. म्हणूनच पहिल्या बायोप्सीत कर्करोग न सापडलेल्या रुग्णाची पुन्हा बायोप्सी करावी की नाही, हे ठरविण्यासाठी जीएसटीपी-१, एपीसी व आरएएसएसएफ-१ या तीन जनुकांचे मेथिलीकरण मोजणारी चाचणी पाश्चात्त्य देशांत उपलब्ध झाली आहे.

सुश्रुताचार्यांचे षट्क्रियाकाल ज्यांच्या मनात रुजलेले आहेत, त्यांना येथे व्यक्तिअवस्थेपूर्वीच्या संचय, प्रकोप, प्रसर व स्थानसंश्रय यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. लक्षणे प्रकट होण्याच्या कितीतरी आधी व्याधीची घडण सुरू झालेली असते, हा विचार दोन्हीकडे समान आहे. परंतु साम्य म्हणजे एकत्व नव्हे. मेथिलीकरण म्हणजेच स्थानसंश्रय, असे समीकरण मांडल्याने ना संहितेचा गौरव वाढतो, ना विज्ञान पुढे जाते.

आता दाव्यांकडे वळू. मेथिल गटाचे कुलूप तत्त्वतः काढता येते, ही या विषयातील सर्वांत आशादायक गोष्ट होय. अ‍ॅझासायटिडीन हे अशा प्रकारचे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता पावले. पण ते अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी. पौरुषग्रंथीच्या कर्करोगात अशा औषधांना प्रस्थापित स्थान मिळालेले नाही. याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. या कर्करोगात काही जनुकांवर मेथिल गट अधिक होतात, तर त्याच पेशीत, विशेषतः रोग पुढे गेल्यावर, डीएनएच्या इतर विस्तृत भागांवरून ते नाहीसे होतात. म्हणजे काही कुलुपे नको तेथे लागतात आणि काही हवी तेथून निघून जातात. अशा स्थितीत 'आमचे द्रव्य मेथिलीकरण कमी करते' हे विधान प्रशंसेचे की चिंतेचे? कोणत्या पेशीत, कोणत्या जनुकावरील, किती मात्रेने, याचे उत्तर दिल्याविना त्या विधानाला अर्थ नाही.

हळदीतील कर्क्युमिन व हिरव्या चहातील घटक यांचे असे परिणाम प्रयोगशाळेतील पेशींवर नोंदविले गेले आहेत. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण काचपात्रात पेशींना जेवढे कर्क्युमिन मिळते तेवढे मुखावाटे दिल्यावर रक्तात पोहोचत नाही, कारण त्याचे शोषण अत्यल्प होते. अग्नी, पचन व अनुपान यांचा विचार ज्यांच्या शास्त्राचा पाया आहे, त्यांना हा भेद कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

तर्काने योग्य वाटणारी गोष्ट अनुभवाला उतरतेच असे नाही, याची दोन उदाहरणे प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने ध्यानात ठेवावीत. ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये पौरुषग्रंथीचे रक्षण करतील, या अपेक्षेने २००१ मध्ये उत्तर अमेरिकेत पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांची चाचणी सुरू झाली. लाभ दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबविण्यात आल्या; २०११ मध्ये असे जाहीर झाले की, केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. दुसरे उदाहरण पीसी-स्पेस या आठ वनस्पतींच्या मिश्रणाचे. त्याने रुग्णांचे पीएसए खाली येई, म्हणून त्याची मोठी ख्याती झाली. २००२ मध्ये तपासणीअंती त्यात वॉरफरिन, इंडोमेथासिन व डीईएस हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक सापडले आणि ते बाजारातून मागे घेण्यात आले. वनस्पतींच्या नावावर जमलेला विश्वास भेसळीने एका वर्षात धुळीला मिळाला.

मग आयुर्वेदाने या क्षेत्रात पाऊल टाकूच नये काय? आमचे म्हणणे नेमके याउलट आहे. २०१५ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने पुण्यातील संशोधकांसह प्रकृती व जनुकरचना यांचा संबंध तपासला; त्याच वर्षी मणिपालच्या संशोधकांनी वात, पित्त व कफ प्रकृतीच्या पुरुषांतील डीएनए मेथिलीकरणाची तुलना प्रसिद्ध केली. या अभ्यासांत कोणतेही औषध विकावयाचे नव्हते; एक प्रश्न विचारावयाचा होता. निष्कर्ष प्राथमिक आहेत, परंतु मार्ग योग्य आहे.

हैदराबाद व मणिपाल दूर असले तरी आपल्या जिल्ह्यातील कर्तव्य आपल्या दारात आहे. आपल्या नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत आयुर्वेदाच्या शिक्षणाचा पाया घातला. त्या परंपरेवर विश्वास ठेवूनच अकोले, पाथर्डी वा जामखेडकडचा साठी उलटलेला शेतकरी रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते म्हणून प्रथम वैद्याकडे येतो. वाताष्ठीला समजून त्याला चंद्रप्रभा, गोक्षुर, वरुण द्यावयास हरकत नाही. पण गुदमार्गे परीक्षा व पीएसए चाचणी झाल्याविना महिनोन्महिने तेच चालू ठेवणे आम्हांस मान्य नाही. पीएसए केवळ कर्करोगानेच वाढते असे नाही, ग्रंथीच्या साध्या वृद्धीने वा शोथानेही वाढते. म्हणून निर्णय तज्ज्ञाने करावा. रुग्ण फिनास्टेराइड घेत असेल तर काही महिन्यांत हा आकडा सुमारे निम्मा होतो, हेही विचारून घ्यावे. वृद्ध पुरुषाची नव्याने सुरू झालेली, रात्री न थांबणारी कंबरदुखी प्रत्येक वेळी कटिग्रह वा गृध्रसी नसते. हा कर्करोग अस्थींत पसरतो, याचे भान बस्ती योजण्यापूर्वी असले पाहिजे. लोणी व विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आपल्या जिल्ह्यातच आहेत. तेथे चिठ्ठी देऊन रुग्ण पाठविण्यात वैद्याची अप्रतिष्ठा नाही.

औषधालयांच्या मालकांनाही एक विनंती आहे. १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग आहे आणि पौरुषग्रंथीचे विकारही आहेत. त्यांवरील उपचाराच्या जाहिरातीस मनाई आहे. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी, जनुकदुरुस्तीची भाषा करणारे पत्रक फळीवर ठेवताना त्यामागे मानवी रुग्णांवरील कोणता अभ्यास आहे, एवढे तरी विक्री-प्रतिनिधीला विचारावे. उत्तर न मिळाल्यास ते पत्रक परत करावे.

आपल्या संघटनेने मूत्रविकाराच्या वृद्ध रुग्णांसाठी एक समान नोंदपत्रक तयार करावे, अशी आमची सूचना आहे. प्रकृती, निदान, पीएसए, दिलेले औषध, कालावधी व परिणाम, अपयशासह, त्यात लिहिले जावेत. शंभर वैद्यांनी दोन वर्षे प्रामाणिकपणे अशा नोंदी ठेवल्या, तर संशोधकांसमोर ठेवण्याजोगे काही आपल्या हाती असेल. जनुकांवरील कुलुपे उघडण्याचा दावा करण्यापूर्वी आपल्या नोंदवह्या उघडाव्यात, हेच आज अधिक अगत्याचे आहे.