तांब्याभर पाणी आणि चेहऱ्याचा बाजार

परवा एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. सुशिक्षित, सुसंस्कृत, मध्यमवर्गीय कुटुंब. हात धुण्यासाठी न्हाणीघरात गेलो, तेव्हा समोरच्या फळीवर नजर खिळली. चेहरा धुण्याच्या अकरा बाटल्या आणि नळ्या तेथे ओळीने उभ्या होत्या. मुलीसाठी तेलकट त्वचेचा, मुलासाठी खास 'पुरुषांचा', आईसाठी वयाच्या खुणा पुसणारा, आजीसाठी वनौषधींचा. शिवाय दाणेदार स्क्रब वेगळाच. ज्या मुलीच्या नावे सर्वाधिक बाटल्या, तिचे गाल लालबुंद आणि नाकाच्या कडेची त्वचा सुटलेली. "हिची त्वचा फार नाजूक आहे हो भाऊजी, काहीही लावलं तरी सोसत नाही," आई काळजीने सांगत होती. काहीच न लावता कधी पाहिले आहे का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला. पण पाहुणा म्हणून गेलेल्याने तो गिळणेच शिष्टाचाराचे असते. म्हणून तो येथे विचारतो आहे.

चेहरा धुणे ही दोन मिनिटांची गोष्ट. आपल्या आधीच्या पिढ्या ती विहिरीच्या काठावर किंवा चाळीतल्या मोरीत उरकून कामाला लागत. त्या साध्या कृतीचे आज एक कर्मकांड झाले आहे. सकाळचे वेगळे, रात्रीचे वेगळे. आधी हे, मग ते, एक जरी चुकले तरी फळ नाही! जुन्या कर्मकांडांची चेष्टा करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याच घरात हे नवे कर्मकांड दर महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतून निमूटपणे शिरले आहे. माझे म्हणणे सरळ आहे. नाजूक त्वचेच्या कुटुंबाला चेहरा धुण्यासाठी फार थोडे लागते. त्या पलीकडचा बराचसा पसारा आपल्या भीतीवर आणि न्यूनगंडावर पोसला गेला आहे.

आधी त्वचेचे गणित समजून घेऊ. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे निर्जीव पेशींची भिंत. पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना, अशी उपमा त्वचाशास्त्रातही रूढ आहे. ही भिंत शरीरातले पाणी आत राखते आणि बाहेरचे उपद्रव बाहेर. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू पाचच्या आसपास. साधा साबण मात्र अल्कधर्मी, त्याचा सामू ९ ते १० च्या घरात. शिवाय मळातले तेल आणि भिंतीतला चुना यांतला भेद साबणाला कळत नाही. तो दोन्ही धुऊन नेतो. दणकट त्वचा ही झीज लवकर भरून काढते. नाजूक त्वचेची भिंत मुळातच विरळ. तिला रोज खरवडले, तर ती भरून यायची कधी?

हे नाजूकपण अनेकदा वाडवडिलांकडूनच आलेले असते. भिंत बांधण्यास साहाय्य करणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा निकट संबंध डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिला. आजोबांना दमा, वडिलांना इसब आणि नातवाचे गाल हिवाळ्यात फुटलेले, असे चित्र कित्येक घरांत दिसते. अशा घरात चार जणांना चार प्रकारचे फेसवॉश लागत नाहीत. चौघांनाही एकच सौम्य शिस्त लागते.

आता बाजाराकडे वळू. साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम' म्हणजे एकूण मेदांशाचा आकडा असतो. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के असावा लागतो. आकडा मोठा म्हणजे साबण उत्तम प्रतीचा, हे खरे. पण उत्तम प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो, हे वेष्टन सांगत नाही. फेसवॉशचे तरी काय? अनेक फेसाळ द्रावणांत सोडियम लॉरिल सल्फेट असते. त्वचेचा दाह अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम दाह निर्माण करायचा असतो, तेव्हा संशोधक हेच द्रव्य वापरतात! दाहाचा प्रमाणभूत पदार्थ आपण लेकरांच्या गालांवर चोळतो आणि भरपूर फेस आला म्हणून समाधान मानतो. फेस म्हणजे स्वच्छता, हे समीकरण जाहिरातीने शिकवले. त्वचेला ते ठाऊक नाही.

मग 'हायपोअॅलर्जेनिक' लिहिलेली बाटली घ्यावी? या शब्दाची कथा उद्बोधक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये या शब्दासाठी चाचणीची अट घातली. प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ मध्ये ती अट रद्द झाली. तेव्हापासून तेथे हा शब्द कंपनी म्हणेल त्या अर्थाचा आहे, आणि तोच शब्द रुबाबात आपल्या दुकानांत मांडलेला असतो. बाटलीच्या दर्शनी भागावर जे ठळक छापलेले असते ती जाहिरात. मागे बारीक अक्षरांत जे असते ती खरी माहिती. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षक द्रव्याला अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साठी 'वर्षातील अॅलर्जीकारक' ठरविले होते. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी कधी वाचण्याचे कष्ट घेतले?

याहून मोठा अपराध रंगाचा. १९७५ पासून एका क्रीमने या देशातील मुलींना गोरेपणाचे स्वप्न विकले. २०२० मध्ये त्या नावातील 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. पाटी बदलली, आरशापुढे उभ्या राहणाऱ्या सावळ्या मुलीच्या मनातील सल बदलला का? आता फेसवॉशही 'उजळपणा' देऊ करतात. जे द्रावण अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर मोरीत वाहून जाते, ते जन्मजात रंग कसा बदलणार? ज्या भूमीने सावळ्या विठ्ठलापुढे शतकानुशतके माथा टेकला, त्या भूमीतील मुलीने आपल्या रंगाची लाज बाळगावी, याला जबाबदार केवळ कंपन्या नाहीत. स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द लिहिणारे हात आपलेच होते.

मात्र परक्यांना झोडपून स्वतःची पाठ थोपटून घ्यावी, असा या लेखाचा हेतू नाही. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हा आपल्या घरातला भ्रमही तितकाच घातक आहे. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. तो लावून उन्हात गेल्यास चट्टे उठतात, प्रसंगी फोड येतात. खाण्याचा सोडा साबणासारखाच अल्कधर्मी. भरड डाळीचे पीठ तान्ह्या बाळाच्या अंगावर लव जावी म्हणून रगडणे, हा तर त्या जिवावर अन्यायच. लव काही महिन्यांत आपोआप जाते. जाते ते श्रेय पिठाला मिळते आणि ओरखडे बाळाला. स्वदेशी कंपनीने तीच भीती विकली, म्हणून ती भीती स्वदेशी होत नाही. आणि परंपरेचा दाखला द्यायचाच, तर तो पूर्ण द्यावा. नरक चतुर्दशीला आधी तेलाचा अभ्यंग, मग उटणे, असा क्रम आपल्या पूर्वजांनी लावला. आपण उटणे ठेवले, तेल विसरलो आणि सणाचा विधी रोजच्या रगडण्यात बदलला.

मग करावे काय? दिवसातून दोनदा, फार तर घाम आल्यावर आणखी एकदा, कोमट पाण्याने चेहरा धुवावा. गिझरचे कढत पाणी टाळावे. त्वचा फार कोरडी असेल, तर सकाळी नुसते पाणी पुरते. रात्री धूळ, धूर किंवा प्रसाधने काढायची असतील, तेव्हा साबणविरहित, सुगंधविरहित सौम्य क्लिन्झर थोडासा घ्यावा. हे रसायनशास्त्राने दिलेले चांगले वरदान आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाची चिकट साय त्वचेवर बसते, तेथे असा क्लिन्झर विशेष उपयोगी. बोटांच्या पेरांनी हलके फिरवावे. ब्रश, घासणी, स्क्रब नको. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पंचाने टिपावे, पुसू नये. ओलसरपणा असतानाच साधे, सुगंधविरहित मलम लावावे. नवी वस्तू आणली, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहावी. एवढेच.

एवढ्याने लाली, खाज किंवा पुरळ गेले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. औषधाच्या दुकानात जाऊ नये. माझ्या एका भाचीला एका दुकानदाराने चिठ्ठीवाचून नळी दिली होती. आठ दिवस चेहरा तुकतुकीत दिसला. नळी थांबवताच तो पेटून उठला आणि सावरायला वर्ष गेले. नळीत स्टेरॉइड होते. अशी अनेक मलमे २०१८ मध्ये शासनाने अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत. कायदा झाला, तो पाळावयास लावणारा ग्राहक व्हायचा बाकी आहे.

तो ग्राहक प्रत्येक घरात घडला पाहिजे. येत्या रविवारी न्हाणीघराची फळी रिकामी करा आणि प्रत्येक बाटलीमागची बारीक अक्षरे मुलांना वाचायला लावा. मुलीला आरशासमोर उभी करून सांगा, की तिच्या चेहऱ्यात धुऊन काढण्याजोगे काही असेल, तर ती दिवसभराची धूळ आहे. तेवढ्यासाठी तांब्याभर कोमट पाणी पुरेसे असते.