केसपेपर मागा, वाचा आणि जपून ठेवा

१९२९ सालची घटना आहे. काठियावाडातील एका गावात अस्पृश्य समाजातील एका शाळामास्तरांची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टरांनी वस्तीत यायला नकार दिला. गावच्या शेठने मध्यस्थी केली, दोन रुपये फी कबूल झाली, तेव्हा डॉक्टर आले. पण वस्तीच्या बाहेरच थांबले. ओल्या बाळंतिणीला घराबाहेर आणावे लागले. डॉक्टरांनी थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिले, त्यांनी ते मास्तरांना दिले, मास्तरांनी पत्नीला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. रुग्णाला हात न लावता न्यूमोनियाचे निदान झाले. डॉक्टर पुन्हा तपासायला आले नाहीत. ती माउली वाचली नाही.

बाबासाहेबांनी ही घटना 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दिली आहे. मास्तरांचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते, तेथून ती घेतली. आपल्यापैकी अनेकांनी ही हकिगत वाचली असेल, भाषणात ऐकली असेल. मला त्यातली एक गोष्ट नर्स म्हणून महत्त्वाची वाटते. मास्तरांनी नुसते दुःख सांगितले नाही. बाळंतपण कोणत्या तारखेला झाले, आजार कधी सुरू झाला, फी किती ठरली, थर्मामीटर कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले. म्हणून इतक्या वर्षांनीही तो अन्याय कोणी नाकारू शकत नाही.

आज दवाखान्याचे दार आपल्यासाठी उघडे आहे. वाशिमला जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. थर्मामीटर आता थेट रुग्णाला लावले जाते. पण ते खरेच लावले का, किती वाजता लावले, आकडा किती आला आणि त्यावर पुढे काय केले, हे लिहिलेले नसेल तर आपल्या हातात काय उरते? "आम्ही बघितले होते" आणि "कोणी बघितलेच नाही" ही दोन वाक्ये समोरासमोर उभी राहतात. अशा वेळी कोणाचे वाक्य वजनदार ठरते, हे आपल्या वस्त्यांना चांगले माहीत आहे.

नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात: जे लिहिले नाही, ते झाले नाही. हा नियम कोर्टकचेरीसाठी केलेला नाही, रुग्णाच्या जिवासाठी केलेला आहे. वॉर्डात आठ तासांनी सिस्टर बदलते. सकाळी आलेल्या सिस्टरने रात्री रुग्णाला पाहिलेले नसते. तिला रात्र कळते ती कागदावरूनच.

बाळंतपणाचे उदाहरण घ्या. कळा जोरात सुरू झाल्या की पार्टोग्राफ नावाचा तक्ता भरायचा असतो. बाळाचे ठोके, कळा आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाला, बी.पी. आणि ताप दर चार तासांनी. या तक्त्यावर एक सावधानतेची रेघ असते. बाळंतपणाची चाल त्या रेघेच्या पलीकडे सरकली की डॉक्टरांना बोलवायचे किंवा पुढे पाठवायचे. म्हणजे तो तक्ता वेळेवर भरला तर धोका आधी दिसतो. बाळ झाल्यावर तो भरला, तर ती नुसती चित्रकला झाली. तसेच बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास. दर पंधरा मिनिटांनी बी.पी., नाडी, गर्भाशय घट्ट आहे का आणि रक्त किती जाते, हे पाहायचे असते. बाळंतीण रक्तस्रावाने जाते ती बहुधा याच वेळेत, आणि घरचे तेव्हा बाळाचे तोंड पाहण्यात गुंतलेले असतात.

आता आपल्या जिल्ह्यात रोज घडणारी गोष्ट सांगते. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील गरोदर बाईचे बी.पी. वाढते, झटके येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ती वाशिमला आणि पुढे अकोल्याला रेफर होते. झटक्यांच्या अशा रुग्णाला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन द्यायचे असते, दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम. ते दिले आणि चिठ्ठीवर लिहिले नाही, तर पुढच्या दवाखान्यात पहिला डोस पुन्हा दिला जाऊ शकतो. या औषधाचे प्रमाण जास्त झाले तर श्वास थांबू शकतो. दिले नाही आणि दिल्याचे लिहिले, तर पुढचे डॉक्टर पहिला डोस देणार नाहीत आणि झटके चालूच राहतील. चिठ्ठीवरच्या एका ओळीत दोन जीव अडकलेले असतात. आपल्या हातात मात्र अनेकदा चिठ्ठी पडते ती एवढीच: "पुढील उपचारासाठी रवाना." का पाठवले, किती वाजता पाठवले, निघताना बी.पी. किती होते, कोणते औषध दिले, काहीच नाही.

याहून वाईट म्हणजे खोटी नोंद. रात्री कोणी फिरकले नाही आणि सकाळी सहा वाजता सगळ्या खाटांचे तक्ते एका बैठकीत भरले, असे प्रकार मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत. सगळ्यांचा ताप सारखा, सगळ्यांची नाडी सारखी, सगळ्यांची प्रकृती "ठीक". ज्या रुग्णाला रात्रभर हुडहुडी भरली होती, तिचाही ताप नॉर्मल. रिकामा रकाना निदान सांगतो की येथे पाहिले गेले नाही. खोटा आकडा पुढच्या डॉक्टरला फसवतो. त्याला मी कामाचा ताण म्हणणार नाही.

पण ताणाबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. एका सिस्टरच्या अंगावर एका रात्री किती खाटा असतात, हे वॉर्डात झोपलेल्या प्रत्येक नातेवाइकाने पाहिले आहे. त्याशिवाय वेगवेगळी रजिस्टरे आणि संगणकावरची माहिती भरायची. रुग्णाजवळ जायला वेळ नाही आणि रकाने मात्र भरलेले हवेत, अशी व्यवस्था असेल तर खोटे आकडे त्यातूनच जन्म घेतात. आणि काही विपरीत घडले की बोट दाखवले जाते ते सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईकडे.

भंडाऱ्याचे उदाहरण ताजे आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांचे निलंबन झाले, कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिकांना कामावरून काढले. फेब्रुवारीत पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. तेव्हा अटक झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. कोणाचा किती दोष, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण इमारत, वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा आणि मनुष्यबळ यांचे निर्णय ज्या टेबलांवर होतात, तेथपर्यंत जबाबदारी पोहोचायला वेळ लागतो. नर्सपर्यंत ती लगेच पोहोचते.

म्हणून माझ्या नर्स भगिनींना माझे सांगणे आहे. रुग्णाची नोंद जशी लिहिता, तशी कमतरतेचीही लिहा. ड्युटी घेताना रिपोर्ट बुकात रुग्ण किती, आपण किती जणी, कोणते मशीन बंद, कोणते औषध संपले, हे वेळेसह लिहा. डॉक्टरांना किती वाजता फोन केला आणि ते किती वाजता आले, हे लिहा. वरिष्ठांना तोंडी सांगितलेले दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. चूक झाली तर व्हाइटनर लावू नका. एक सरळ रेघ मारून खाली बरोबर ते लिहा, सही आणि तारीख टाका. उशिरा नोंद केली तर ती उशिराची आहे असे स्पष्ट लिहा. प्रामाणिक नोंद ही गरीब घरातून आलेल्या, कंत्राटावर काम करणाऱ्या नर्सची एकमेव ढाल आहे.

खासगी दवाखान्यांत आणखी एक प्रश्न आहे. तेथे नर्सच्या गणवेशातल्या अनेक मुलींकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी नसते. त्यातल्या कितीतरी आपल्याच वस्त्यांतल्या असतात. थोडक्या पगारात त्या इंजेक्शन देतात, सलाईन लावतात, आणि केसपेपरवर सही कोणाची तरी भलत्याचीच असते. काही घडले तर रुग्णही आपला आणि अडकणारी मुलगीही आपली. अशा मुलींना मी सांगते, दुसऱ्याने केलेल्या कामाखाली सही करू नका, आणि न केलेल्या कामाखाली तर मुळीच नाही. आणि शक्य असेल तर रीतसर शिक्षण घेऊन नोंदणी करा.

आता घरच्यांसाठी. केसपेपर ही दवाखान्याची खासगी मालमत्ता आहे, असा समज अजून आहे. तो खोटा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की रुग्णाच्या केसपेपरची प्रत रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना गुप्ततेचे कारण सांगून नाकारता येत नाही. फार तर झेरॉक्सचा खर्च घ्यावा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती रुग्णाची नोंद डॉक्टरांनी तीन वर्षे जपायची आहे आणि मागणी झाल्यावर ७२ तासांत द्यायची आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही हा हक्क आहे: भरती असताना २४ तासांत, सुटी झाल्यावर ७२ तासांत. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो.

मागणी तोंडी करू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: रुग्णाचे नाव, भरतीची तारीख, वॉर्ड, आणि "संपूर्ण केसपेपर, नर्सिंग नोंदी व तपासणी अहवालांच्या प्रती द्याव्यात" एवढे एक वाक्य. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. नुसते डिस्चार्ज कार्ड घेऊन समाधान मानू नका. कार्डावर उपचाराचा सारांश असतो. रात्री दोन वाजता काय झाले ते नर्सच्या नोंदीत असते.

कागद हातात आला की या गोष्टी पाहा. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ आहे का? सही वाचता येते का? औषधाचे नाव, प्रमाण आणि दिल्याची वेळ आहे का? बाळाचे जन्माचे वजन आणि जन्मवेळ लिहिली आहे का? रेफर केले असेल तर कारण आणि निघतानाची प्रकृती आहे का? संमतीपत्र कोरे असेल तर त्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. आधी वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

आणि आपली बाजूही लिहून ठेवा. रुग्णासोबत राहणाऱ्याने एक छोटी वही ठेवावी: किती वाजता भरती केले, डॉक्टर किती वाजता आले, कोणती बाटली लावली, सिस्टरला किती वाजता सांगितले. वही नसेल तर मोबाइलमध्ये टाइप करा. सून किंवा लेक शिकलेली असेल तर हे काम तिच्याकडे द्या. आपल्या घरातल्या शिक्षणाचा असाही उपयोग व्हायला हवा.

सिस्टरशी भांडू नका, दवाखान्यात तोडफोड तर अजिबात नको. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. मूल आपले गेलेले असते आणि कोर्टाच्या तारखाही आपणच करत बसतो. मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. एका फुटलेल्या काचेमुळे चांगली केस हातची गेलेली मी पाहिली आहे.

वस्तीतल्या महिला मंडळांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक रविवार विहारात जमताना घरातले माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि चिठ्ठ्या सोबत आणा. आशाताईंना बोलवा. गरोदर बायांच्या कार्डावर बी.पी., हिमोग्लोबिन आणि वजनाचे रकाने भरले आहेत का, ते मिळून वाचा. रिकामे असतील तर पुढच्या तपासणीच्या दिवशी नर्सबाईंना नम्रपणे विचारा, "बाई, येथे आकडा राहिला का?" हा प्रश्न पाच घरांतून पाच वेळा आला की सहाव्या वेळी रकाना भरलेला मिळतो. कामासाठी पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या कुटुंबांनी ही कार्डे सोबत न्यावीत आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. प्रत्येक घरात रेशन कार्ड आणि जातीच्या दाखल्याची पिशवी असते. दवाखान्याचे कागदही त्याच पिशवीत, त्याच काळजीने ठेवा.