भोकातून तेल आलं, म्हणजे झालं?

मंडळी, अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवाल्यांचं एक ब्रह्मवाक्य आहे... "भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरा." मागच्या एक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो फुगवटा असतो, त्याच्या तेलाबद्दल हे वाक्य. मूळ कव्हर असेल तर ते बहुधा चालून जातं. पण बाजारातून ॲल्युमिनियमचं जाडजूड कव्हर आणून बसवल्यावरही हाच मंत्र जपायचा, याला माझा सक्त विरोध आहे. आपल्या नात्यातली दोन मुलं टेक्सासात असल्याच गाड्यांना ट्रेलर जोडून ओढतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

साधा प्रश्न. ते भोक पातळी दाखवतं ते कशामुळे? गाडी बनवणाऱ्याने तेलाची उंची आधी ठरवली आणि त्या हिशेबाने भोक पाडलं, म्हणून. (त्यातही काही गाड्यांच्या पुस्तकात तेल भोकाच्या काठाखालीच ठेवा, असं छापलेलं असतं!) नव्या कव्हरवाल्याने भोक वर पाडलं तर तेल जास्त, खाली पाडलं तर कमी. ती काही ब्रह्मदेवाने आखलेली रेघ नव्हे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "जास्त तेल कधी वाईट असतं का?" असतं, बाबांनो! आतलं मोठं दातेरी चक्र, म्हणजे क्राऊन, तेलात थोडं बुडून फिरतं आणि तेल उचलून पिनियनच्या बेअरिंगकडे फेकतं. तेल कमी पडलं की बेअरिंग जळतं, हे सगळ्यांना कळतं. पण जास्त झालं की ते घुसळतं, तापतं, फेसाळतं. फेसातल्या हवेने दातांचं रक्षण होत नाही. शिवाय ब्रीदरमधून तेल ओकलं जातं, चाकाकडच्या सीलमधून झिरपून ब्रेकपर्यंतही पोचू शकतं. ट्रेलर जोडलेला असताना ब्रेकला तेल... पुढचं मी लिहीत नाही.

कॅलिफोर्नियाचे गेल बँक्स यांनी २०१८ मध्ये पारदर्शक कव्हर लावून आतलं तेल कसं फिरतं ते चित्रफितीत दाखवलं. सपाट पाठीच्या कव्हरावर तेल आपटून फेसाळताना दिसतं. ते स्वतःही कव्हरं विकतात, हे लक्षात ठेवूनच बघा. पण बघा जरूर.

मग करायचं काय? जुनं कव्हर फेकू नका. दोन्ही कव्हरं बोल्टची भोकं जुळवून शेजारी धरा आणि तेलाच्या भोकांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजा. गाडी सपाट जमिनीवर उभी करा. जुन्या कव्हराला जी पातळी सांगितली आहे तीच नव्यातही ठेवा, वाकवलेल्या तारेने तपासा. पुस्तकातल्या लिटरवर जाऊ नका, कारण खोलगट कव्हरात त्याच पातळीला तेल जास्त मावतं. थोडं फिरवून आणा, तेल एक्सलच्या नळ्यांत पसरून स्थिरावू द्या आणि पुन्हा बघा.

"जास्त तेल मावतं" ही जाहिरात खोक्यावर ठळक छापणाऱ्यांना पातळी किती ठेवायची, ही एक ओळ छापायला काय होतं? काही जण डिपस्टिक देतात. ती कुठल्या गाडीसाठी आखली आहे, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर कव्हर परत करा.

वर्गात मी नियमापाठोपाठ "का?" विचारायला लावत असे. गाडीखाली आडवं झाल्यावर तो प्रश्न सुटत नाही. पटलं तर टेक्सासला कळवा.