एका कसोटीचे पाटील

१/ ‘सदाशिव पाटील’ म्हटले की जळगाव-धुळ्याच्या वाचकाला आपल्याच गावातले कोणीतरी आठवेल. हे पाटील मात्र कोल्हापूरचे, जन्म १९३३. भारताकडून ते एकच कसोटी खेळले. तेवढ्यावरून त्यांची कारकीर्द अपयशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

२/ १९५२-५३ च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून पदार्पण केले, तेही बलाढ्य मुंबईविरुद्ध. या मध्यमगती गोलंदाजाने पहिल्या डावात पाच बळी घेतले, मुंबई ११२ धावांत आटोपली आणि महाराष्ट्राने सामना १९ धावांनी जिंकला.

३/ २ डिसेंबर १९५५. ब्रेबॉर्न स्टेडियम, समोर न्यूझीलंड, कर्णधार पॉली उम्रीगर. पाटलांनी नव्या चेंडूने मारा केला आणि दोन्ही डावांत एकेक गडी टिपला. विनू मंकड यांनी २२३ धावा केल्या. भारत एक डाव व २७ धावांनी विजयी झाला. त्यानंतर पाटलांना भारतीय संघात पुन्हा स्थान मिळाले नाही.

४/ ते कमी पडले का? मला तसे वाटत नाही. त्या मालिकेत लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांनी एकट्याने ३४ बळी घेतले. आपल्या खेळपट्ट्यांवर सामना फिरकीच जिंकून देई; मध्यमगती गोलंदाजाने चेंडूची नवलाई घालवायची, एवढीच अपेक्षा असे. ज्याच्या हाती मुळातच थोडे काम दिले, त्याच्या पदरात थोडेच बळी पडले म्हणून बोल कसा लावावा?

५/ पाटील मात्र थांबले नाहीत. १९५९ आणि १९६१ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये त्यांनी ५२ सामन्यांत १११ बळी घेतले. १९६४ पर्यंत प्रथम श्रेणीचे ३६ सामने, ८३ बळी आणि महाराष्ट्राचे कर्णधारपदही त्यांच्या नावावर आहे. २०२० साली कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

६/ हे खानदेशाला का सांगावे? जळगाव आणि धुळे हे जिल्हे क्रिकेटमध्ये त्याच महाराष्ट्र संघाच्या छत्राखाली येतात. इथल्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला आपण विचारतो, ‘भारताकडून खेळशील का?’ उत्तर बहुधा ‘नाही’ असते, आणि मग त्याच्या साऱ्या मेहनतीवर आपण काट मारतो. हा मापदंडच चुकीचा आहे. पाटलांची ती कसोटी पाच दिवसांत संपली. त्यांचा खेळ बारा वर्षे चालला. इतिहासाने दोन्हींची नोंद ठेवावी.