वॅट नको, मेळ बघा!

मैत्रिणींनो, संध्याकाळी कर्वेनगरच्या बसस्टॉपवर उभं राहिलं की काही गाड्या आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. गाणं कळत नाही, नुसतं धप्‌ धप्‌ आणि डिकीच्या पत्र्याचा खडखडाट! मी नेहमी नाक मुरडायचे. पण गेल्या दिवाळीत आमच्या दादानेच गाडीत सबवूफर बसवायचं ठरवलं आणि घरातली इंजिनिअर (अजून व्हायचीय!) म्हणून मी त्याच्याबरोबर तपकीर गल्लीत गेले.

"काका, हा अँप किती ओहमला चालतो?" मी विचारलं. काकांनी उत्तर दिलं ते दादाला. "साहेब, बाराशे वॅट आहे. बिनधास्त लावा!" मी गप्प बसले. चूक झाली ती इथेच.

तिसऱ्या दिवशी अँप तापून बंद, वर लाल दिवा. दादाच्या साठवलेल्या पैशांचा प्रश्न होता, म्हणून रात्री मॅन्युअल उघडलं. बाराशे हा क्षणभराचा आकडा. सतत मिळणारी पॉवर, म्हणजे आरएमएस, ब्रिज करून ४ ओहमला २५० वॅट. त्याखाली लोड लावू नये असं स्पष्ट छापलेलं. आमच्या सबला ४-४ ओहमच्या दोन कॉइल. त्या पॅरलल जोडल्या, म्हणजे झाले २ ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला त्यातला निम्माच, १ ओहम दिसतो. करंट दुप्पट, मग तापणारच की! सिरीज केल्या तर ८ ओहम. अँप सुरक्षित, पण पॉवर जवळपास निम्मी. म्हणजे जोडीच चुकली होती. ३०० वॅट आरएमएसच्या या सबला २ ओहमवर साधारण तेवढीच पॉवर देणारा मोनो अँप हवा होता.

मग लहान अँप घेऊन गेन वाढवला तर? गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो अति वाढवला की वेव्हचे शेंडे कापले जातात, साइनची जवळजवळ स्क्वेअर वेव्ह होते आणि कॉइलला जाणारी पॉवर दुपटीपर्यंत वाढते. त्यामुळे लहान अँपसुद्धा सब जाळू शकतो. आणि मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम इथे लावू नका (मी लावला होता!). अँपचा आउटपुट इम्पीडन्स मुद्दाम अगदी कमी ठेवतात, नाहीतर निम्मी पॉवर अँपमध्येच जळेल.

मोठ्या आकड्याचा मोहही फसवा आहे. पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. बॅटरीवरचा भार मात्र खरोखर दुप्पट. ३०० वॅटला बॅटरीतून ३० अँपिअरच्या आसपास करंट जातो. म्हणून जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज हवाच.

शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बाराशे वॅट वाजवणार तरी कुठे?

माझं मत साधं आहे. आरएमएस, ओहम आणि वायर एवढं बघा, वॅटचा मोठा आकडा दुकानातच सोडा. आणि उत्तर भावाला मिळालं, तर प्रश्न पुन्हा विचारा. ओहमचा नियम आपल्यालाही तोच लागू आहे!

दादाने आता मोनो अँप घेतलाय. बास छान वाजतो. बसस्टॉपवर मात्र गाडी आधी दिसते, मग ऐकू येते.