नगाऱ्याचा आवाज आणि गळके छप्पर

भिलाईच्या पोलाद वसाहतीतील सेक्टर २ मधला कामगार पहाटे पहिल्या पाळीसाठी घराबाहेर पडतो, तेव्हापासून रात्री दिवा मालवीपर्यंत त्याच्यावर आश्वासनांचा अखंड भडिमार चालू असतो. नाक्यावरचा फलक त्याच्या मुलाला इंजिनीयर करून देतो. वर्तमानपत्राचे पहिले पान त्याचा मधुमेह मुळापासून उपटून काढते. मुठीतला फोन त्याला तीन मिनिटांत कर्ज देतो आणि दूरचित्रवाणीवरचा मंत्री त्याला विश्वगुरू राष्ट्राचा भाग्यवान नागरिक ठरवितो. एवढे सारे मिळूनही पावसाळा तोंडावर आला की त्याची पत्नी गळणाऱ्या छताखाली कोणती बादली कोठे ठेवावयाची याचा हिशेब करू लागते. या नित्याच्या वैतागाला मध्यमवर्गीय विनोदी लेखक ‘जमाना बिघडला’ असे म्हणून मोकळे होतात. परंतु जमाना आपोआप बिघडत नसतो. अतिशयोक्ती हा आज एक धंदा आहे, त्यात भांडवल गुंतलेले आहे, आणि त्याची किंमत कोणीतरी मोजीत असतो.

शिकवणी वर्गांचेच उदाहरण घ्यावे. भिलाईत हा व्यापार जोरात आहे. गुणवंतांची छायाचित्रे, त्यांचे क्रमांक आणि खाली ‘आमचा विद्यार्थी’ अशी ठसठशीत अक्षरे, हे दृश्य तेथे कोणालाही नवे नाही. या जाहिरातींमागची युक्ती देशातील ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या चौकशीतूनच उघड झाली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झालेल्या ज्या उमेदवारांचे श्रेय बड्या संस्था घेत होत्या, त्यांपैकी अनेकांनी तेथे केवळ मुलाखतीचे फुकट मार्गदर्शन घेतलेले होते. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा ते स्वतःच्या बळावर उत्तीर्ण झाले होते. जाहिरातीत ही गोष्ट गाळली गेली आणि लाखाच्या घरातील शुल्क मात्र दुसऱ्याच अभ्यासक्रमासाठी वसूल होत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्राधिकरणाने नियमावली काढली. तोपर्यंत अनेक संस्थांना मिळून केलेला दंड सुमारे ५४ लाख रुपये होता. ज्या व्यवसायाची उलाढाल हजारो कोटींची, त्याला ही रक्कम म्हणजे फलकांच्या रंगाचा खर्च!

औषधांच्या बाबतीत तर कायदा १९५४ सालापासून अस्तित्वात आहे. चमत्कारी उपायांची जाहिरात करणे हा त्याखाली गुन्हा आहे. तरीही २०२१ च्या फेब्रुवारीत पतंजलीच्या करोनाविषयक गोळ्यांच्या समारंभाला खुद्द केंद्रीय आरोग्यमंत्री व्यासपीठावर बसले. पुढे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी कंपनीला विचारले, की छापलेला माफीनामा जाहिरातींच्याच आकाराचा होता काय? हा प्रश्न सरकारच्या अनेक खात्यांनाही विचारण्यासारखा आहे.

कामगार या फलकांना भुलतो कशाला, असे सुखवस्तू टीकाकार विचारतात. त्याचे उत्तर कारखान्याच्या फाटकावर मिळते. बापाच्या पिढीला भिलाईत कायम नोकरी, क्वार्टर, मुलांना कारखान्याची शाळा आणि सेक्टर ९ चे इस्पितळ मिळाले. मुलाच्या पिढीला मिळतो ठेकेदाराचा गेटपास. कायम कामगारांची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली, कारखान्याच्या अनेक शाळा बंद पडल्या. ज्याच्या पायाखालची जमीन सरकते तो हाताला येईल ती दोरी धरतो. तो अडाणी म्हणून भुलत नाही, त्याच्यापुढे दुसरी वाट उरलेली नाही म्हणून भुलतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेला पैसा अशा रीतीने शिकवणीवाल्याच्या गल्ल्यात पडतो.

व्यापाऱ्याने वल्गना करावी हे त्याच्या धर्माला धरूनच आहे. सरकारने तोच धर्म स्वीकारला, हे या काळाचे वैशिष्ट्य होय. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधान भिलाईत आले आणि वर्षानुवर्षे रखडलेला विस्तारित, आधुनिकीकृत कारखाना त्यांनी राष्ट्राला अर्पण केला. क्षमता सुमारे ४० लाख टनांवरून ७० लाख टनांवर नेणारा हा प्रकल्प क्षुद्र नव्हता. तो उभारणाऱ्या श्रमिकांना त्याचा अभिमान वाटला तर तो रास्तच. परंतु चार महिनेही लोटले नाहीत तोच, ९ ऑक्टोबर २०१८ रोजी, कोक भट्ट्यांच्या परिसरात वायुवाहिनीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना स्फोट झाला. त्या दिवशी नऊ जण गेले. इस्पितळात भाजलेल्यांपैकी आणखी काही दगावले. मृतांत अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते. त्याच कारखान्यात १२ जून २०१४ रोजी पंपघरातील पाण्याचा दाब कोसळून झोतभट्टीचा विषारी वायू उलट्या वाटेने पसरला होता आणि सहा जणांचा बळी घेऊन गेला होता. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. वायू हुद्दा पाहत नाही. आधुनिकीकरणाच्या सोहळ्यात उत्पादनाचे आकडे गर्जत होते. वायुवाहिनीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेचा आकडा कोणत्या फलकावर होता?

बस्तरमधील नगरनारची कथा याहून मासलेवाईक आहे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, विधानसभा निवडणूक महिन्यावर आली असताना, २३ हजार कोटींहून अधिक खर्चाचा पोलाद कारखाना तेथे ‘राष्ट्राला समर्पित’ झाला. याच सरकारने तो विकण्यास ऑक्टोबर २०२० मध्ये मंजुरी दिली होती आणि डिसेंबर २०२२ मध्ये खरेदीदारांकडून प्रस्तावही मागविले होते. विक्रीला काढलेली वस्तू राष्ट्राला अर्पण करण्याचा हा विधी कोणत्या शास्त्रात सांगितला आहे, हे पुरोहितांनाच ठाऊक. निवडणुकीच्या सभेत मात्र खाजगीकरण होणार नाही असा शब्द देण्यात आला. २०१५ साली काळ्या पैशाविषयीच्या वचनाला ‘जुमला’ म्हणून मोकळ्या झालेल्या पक्षाच्या शब्दाचे मोल बस्तरच्या आदिवासीने किती धरावे?

भिलाईचा जन्मही एका वचनातूनच झाला होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. बारा वर्षांत फेडावयाचे, अडीच टक्के व्याजाचे कर्ज आणि दहा लाख टनांचा कारखाना, असे ते वचन होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वचन मोजता येत होते, म्हणूनच ते पाळले गेले की नाही हेही पाहता आले.

अर्थात त्या काळाचेही सोनेरी चित्र रंगविण्याचे कारण नाही, आणि डाव्या सभांतून ते कधीकधी रंगविले जाते. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत ठेक्यावर राबणारे हजारो मजूर झोपड्यांत राहत होते. राष्ट्रीय प्रगतीच्या गौरवगीतात त्यांचा उल्लेख नव्हता. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. त्यांची एक मागणी अगदी साधी होती: पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी भत्ता मिळावा. त्या जून महिन्यात त्यांच्यावर गोळीबार झाला आणि अकरा जण मारले गेले. १९८३ साली खाण कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले. त्याची जाहिरात कोणी केली नाही, तरी रुग्ण येत राहिले.

सेक्टर २ मधील कामगाराचे मागणे आजही त्याच जातीचे आहे. छताला डांबरी थर हवा. वायुवाहिनीवर चढण्यापूर्वी ती खरोखर बंद केली आहे, याची लेखी खात्री हवी. १ जानेवारी २०१७ पासून लागू व्हावयाच्या वेतनवाढीचा समझोता ऑक्टोबर २०२१ मध्ये झाला. सीटूने त्यावर सही केली नाही. वाढ कागदावर २०१७ पासून धरली गेली, पैसा मात्र एप्रिल २०२० पासून मोजला गेला, आणि मधल्या ३९ महिन्यांची थकबाकी पुढील चर्चेवर ढकलण्यात आली. त्या ३९ महिन्यांत पोलाद मात्र रोज निघत होते.