बसालेलला मिळालेले दुसरे दान



मोशे आणि अहरोन यांच्याविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो. निर्गमाच्या पुस्तकातला बसालेल मात्र प्रवचनात क्वचितच येतो. हा यहूदा वंशातला कारागीर. सोने, रुपे, पितळ, रत्ने, लाकूड, सगळ्यात त्याचा हात चालत असे. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले आणि निवासमंडपाचे काम त्याच्याकडे सोपवले. एवढे पुष्कळांना आठवते. पण 35व्या अध्यायातल्या 34व्या वचनात आणखी एक गोष्ट आहे. देवाने बसालेल आणि त्याचा सोबती अहलियाब यांच्या मनात दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही घातली. म्हणजे दाने दोन होती. एक हातातली कला, आणि दुसरे ती कला दुसऱ्याच्या हातात देण्याचे मन.

हे दुसरे दान आम्ही विसरलो होतो. त्याची आठवण आम्हाला आमच्याच एका चुकीने करून दिली.

आमच्या डिंडोलीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी घरे आहेत. कोणी लूमवर, कोणी कपडा मार्केटमध्ये, तर बायका घरी बसून साड्यांना खडे-टिकल्या लावतात. त्यांची मुले मात्र कॉम्प्युटर शिकली. कोणाला टॅली येते, कोणाला एक्सेल. रविवारी हीच मुले पडद्यावर गाण्यांचे शब्द लावतात, आजाऱ्यांना घरबसल्या मिस्सा दिसावी म्हणून मोबाइल उभा करतात. त्याबद्दल देवाचे आभार. पण सोमवार ते शनिवार या हातांची गरज संपते का?

वस्तीत फिरून पाहा. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशनकार्डाची सोय जोडली गेली. गावच्या कार्डावर इथे धान्य मिळू शकते. पण आधार जोडलेले नसेल किंवा नावात एक अक्षर चुकले असेल, तर माणूस दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परततो. असंघटित कामगारांसाठी 26 ऑगस्ट 2021 रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. 16 ते 59 वयाच्या कामगाराला तिथे नोंद करता येते, पण लूमवर बारा तास उभा राहिलेला माणूस ती कधी करणार? लहान संस्थांचेही तसेच. ज्या ट्रस्टच्या देणगीवर करसवलत मिळते, त्याला देणगीदारांची यादी 31 मेपर्यंत ऑनलाइन भरावी लागते. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये लागतात. मन मोठे असलेल्या पण कॉम्प्युटर न येणाऱ्या संस्थेचा पैसा असा जातो.

म्हणून आम्ही आमच्या एका होतकरू मुलाला बायकांच्या बचत गटाचा हिशोब लावून द्यायला सांगितले. त्याने मन लावून काम केले. वहीतला सगळा हिशोब कॉम्प्युटरवर आला, बेरजा आपोआप होऊ लागल्या. आम्ही मिस्सेनंतर त्याचे कौतुकही केले. पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. हिशोब त्याच्या खात्यात होता, ओटीपी जुन्या नंबरवर जात होता आणि तो नंबर बंद झाला होता. तीन महिने कोणाचे किती कर्ज फिटले, हे कोणाला नीट सांगता येईना. शेजारणी-शेजारणींत संशय आला. गटातल्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "पहिले वही आमच्याजवळ होती. आता हिशोब चांगला झाला, पण आमच्याजवळ नाही राहिला."

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. "तू करून टाक" असे त्याला सांगणारे आम्हीच होतो. "त्यांना शिकव" असे आम्ही म्हटलेच नाही.

आमचे मत असे झाले आहे की, जी सेवा समोरच्याला कायम आपल्या दारात उभी ठेवते, ती अर्धीच सेवा आहे. यावर कोणी म्हणेल, शिकवण्यात महिना जातो, आपण दहा मिनिटांत करून देतो. खरे आहे. सत्तर वर्षांच्या बाबांचा एखादा अर्ज असेल तर शिकवत बसू नका, भरून द्या. पण जे काम दर महिन्याला येणार आहे आणि ज्यावर दहा घरांचा विश्वास टिकून आहे, ते ज्याचे त्याच्याच हातात असले पाहिजे.

पंडिता रमाबाईंनी हे करून दाखवले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आश्रयाला आलेल्या बायका-मुलींना छापखान्याचे काम शिकवले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत त्या बायका काम करत. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूकडे गेल्या. त्यांनी भाषांतर केलेले संपूर्ण मराठी बायबल 1924 मध्ये छापून निघाले. शिकवणारी गेली, पण काम थांबले नाही, कारण ते बायकांच्या हातात उतरले होते.

आता आम्ही चार गोष्टी पाळतो. खाते गटाच्या नावाने आणि गटाच्याच फोन नंबरवर. गटातल्या निदान दोघींना सगळे काम येत असले पाहिजे. प्रत्येक पायरी मराठीत वहीवर लिहिलेली हवी. आणि कोणाच्या आधारची प्रत आपल्या मोबाइलमध्ये ठेवायची नाही, काम झाले की ती काढून टाकायची. गरिबाचा कागद हाही त्याचा अब्रूचा भाग आहे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोन बहिणींना घेऊन बसतो. काम हळू चालते. बोट चुकते, हसू येते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. परवा त्याच मावशींनी स्वतः हप्त्याची रक्कम भरली आणि खालची बेरीज बदललेली पाहून चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग पाठ असलेली जुनी बेरीज बोटांवर मोजून ताडून पाहिली. जुळली, तेव्हा कुठे मान हलवली.

तरुण मित्रांनो, तुम्हाला जे येते ते देवाचे दान आहे. ते मंडळीसाठी वापरा, वस्तीसाठीही वापरा. पण निघताना किल्ली त्यांच्या हातात ठेवून निघा.

हे प्रभो, आमच्या हातांना कला दिलीस, तसे ती वाटून टाकणारे मनही दे. आमच्यावाचून काम अडावे अशी आमची इच्छा असेल, तर ती काढून टाक. आमेन.